शकुनबाईंचं न सुटलेलं पथ्य

अड्याळ, ८ जून २०२६

प्रिय तृप्ती,

गेल्या वर्षी १७ जुलैला, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, तळ्याखालच्या आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून तू रोवणीच्या सगळ्या बायकांसमोर बोललीस की शकुनबाईंच्या शरीराला आता हे काम झेपत नाही. वेळ मोबाइलमधल्या फोटोवरची आहे. चक्कर येऊन पडलेल्या शकुनबाईंना चिखलातून उचलून धुऱ्यावर बसवलंय, श्वास मोजायचा तुझा तो मुखवटा त्यांच्या गळ्यात लोंबतोय, आणि एवढ्या गडबडीतही कुणाला तरी फोटो सुचला. मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते आणि खरं काय ते मला गेल्या आठवड्यातच कळलं, नाहीतर हे पत्र तुला अकरा महिन्यांपूर्वीच मिळालं असतं, आणि ते याहून वाईट असतं.

तू हे मोजमापाचं काम का हाती घेतलंस ते मला ठाऊक आहे. दिवसभर कमरेतून वाकून, पोटरीभर चिखलात उभं राहून धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, लावणं याला कोणी 'हलकं काम' म्हटलं की तुझा जीव जळतो. माझाही जळतो. शरीर किती प्राणवायू घेतं, किती ऊर्जा खर्चतं, ते मोजून तुला त्या लोकांच्या तोंडावर मारायचं होतं. आमच्या घराण्यात एवढं चांगलं डोकं कुणाकडून आलं, मी तुझ्या बापाला नेहमी विचारते. त्याच्याकडून नाही, एवढं नक्की.

पण त्या सकाळचं ऐक. निजलेल्या शरीराचा खर्च मोजायचा म्हणून तू सगळ्यांना उपाशी बोलावलंस आणि बजावलंस, मी सांगीन तेव्हाच खायचं. एकेकीचं मोजून झालं, तू 'आता खा' म्हणालीस, त्या जेवल्या. शकुनबाई शेवटच्या. त्यांचं संपत आलं तेवढ्यात तुझ्या प्रयोगशाळेतून फोन आला आणि तू बोलत बोलत अंगणात गेलीस. मग गडबडीत सगळ्या बांधीवर. शकुनबाईंना 'खा' म्हणायचं राहून गेलं. त्या तशाच पाण्यात उतरल्या आणि भर दुपारपर्यंत रोवत राहिल्या.

तू म्हणशील, मग मागून का नाही खाल्लं? इथे वाढलेल्या पोरीने हा प्रश्न विचारू नये. आपल्याकडे औषध देणाऱ्याने पथ्य लावलं की ते त्यानेच सोडवायचं असतं; तुझी आजी वैदूच्या शब्दासाठी तीन दिवस मीठ न खाता राहिली होती. गेल्या आठवड्यात मी शकुनबाईंना फैलावर घेतलं, तर मलाच म्हणतात, "बाई, तिनं म्हटलं होतं मी सांगीन तवा खाजा. तिनं सांगतलंच नाही, मंग मी कायले खाऊ?" आणि थोड्या वेळाने, हळूच, "माह्यामुळं पोरीचं काम तं खराब नाही झालं ना?"

तृप्ती, तूच मला कौतुकाने समजावलं होतंस की श्वासावरून कळतं, शरीर नुकतंच खाल्लेलं जाळतंय की साठवलेली चरबी. म्हणजे ही बाई उपाशी आहे हे तुझ्या यंत्राला दिसत होतं. डोकं चालवून ते कोणी पाहिलं नाही, एवढंच. शकुनबाईंची नोंद तू काढून टाकलीस, तो तुझ्या शास्त्राचा प्रश्न. पण ते वाक्य कुठे काढून टाकलंस? ते इथेच राहिलंय.

रोवणीच्या बायकांची रुखमाची टोळी या मोसमासाठी जमली आहे. शकुनबाईंना घेतलं नाही. मी भांडायला गेले, तर रुखमाच्याच डोळ्यांत पाणी. "डॉक्टरीणच म्हणते झेपत नाही, मंग आमी काहून इच्या जिवाशी खेळाव? बांधीत मेली तं?" त्यांच्या लेखी तू डॉक्टरीण; तुझ्यापुढे माझं कोण ऐकणार? पस्तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलेली मी, मला कोण डॉक्टर म्हणतं! शकुनबाई त्याच टोळीत लग्न होऊन आल्यापासून आहेत. रांगेत गाणं त्याच उचलतात. आता बायका बोलत बसतात तिकडे त्या फिरकत नाहीत. मला सांगतात, गुडघा दुखतो. गुडघा माझा दुखतो, त्यांचा नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अग्नेस आम्हाला चूक भर वर्गात करू द्यायच्या आणि दुरुस्तही भर वर्गातच करायला लावायच्या. कोपऱ्यात नेऊन पुटपुटलेली माफी त्यांना चालत नसे, मलाही चालत नाही. तेव्हा मला फोन करून गोड बोलू नकोस. तुझ्या सहीचं पत्र पाठव, साध्या मराठीत, रुखमाला आणि टोळीला उद्देशून: शकुनबाई पडल्या त्या उपाशी होत्या म्हणून, उपाशी राहिल्या त्या माझ्या विसरण्यामुळे, आणि मी धुऱ्यावर जे बोलले ते न तपासता बोलले. त्यांचं पुन्हा मोजायचं असेल तर अवश्य ये, आधी तुझ्या हाताने त्यांना जेवू घाल. रोवणीला टोळी उतरायच्या आत मला ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं आहे. २५ जूनपर्यंत लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच, रागावलेली,
कामिनी आत्या