वजनकाट्यातला रेकॉर्डर

दादा,

तुला आणि वहिनींना वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच, कारण टेबलाखाली शिरून वायरी जोडता जोडता पाठ आहे तशीच राहिली आहे.) तुझं ब्लडप्रेशर ताळ्यावर आलं असेल, वहिनींचा खांदा आता वर जात असेल आणि तुमच्या चिरंजीवांनी ती मिशी काढली असेल अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. सासरे तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. त्याचं श्रेयही माझ्याकडेच येतं, पण ते ओघात सांगतो.

दादा, मी टीव्हीचा रेकॉर्डर बनवला. घरी, स्वतःच्या हातांनी. हसू नकोस, आधी कारण ऐक. हिने पन्नाशीत पोहायला शिकून आता पाण्याला घाबरणाऱ्या बायकांना शिकवायला घेतलंय, हे तुला ठाऊक आहेच. टीव्हीवाल्यांच्या कानावर ते गेलं आणि हिला मुलाखतीचं बोलावणं आलं. थेट प्रक्षेपण, एकदाच, पुन्हा दाखवणार नाहीत, इंटरनेटवरही टाकणार नाहीत. आता जी बाई स्टुडिओत बसली आहे तिला आपला कार्यक्रम दिसणार कसा? ही सहसा काही मागत नाही, पण या खेपेला म्हणाली की तो मला एकदा तरी बघायला मिळाला पाहिजे. सासऱ्यांना आणि मला प्रेक्षकांत जागा, म्हणजे घरी कुणीच नाही. दुसरा कुणी शेजाऱ्यांना सांगून मोकळा झाला असता. पण ज्याने उभा जन्म वजनकाटे दुरुस्त केले, त्याने शेजाऱ्यांच्या तोंडाकडे का बघावं?

तर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर मिळतो, तो आणला. त्याला टीव्हीचे सिग्नल पकडणारी कांडी जोडली, साठवायला डिस्क जोडली, अँटेना गॅलरीत कपडे वाळत घालायच्या काठीला बांधला (त्यामुळे ओली चादर टाकली की चित्राला मुंग्या येत, म्हणून आता चादरी खुर्च्यांवर वाळतात) आणि हा सगळा पसारा एका जुन्या वजनकाट्याच्या पेटीत बसवला. डिस्क भरत जाईल तसा तबकडीवरचा काटा पुढे सरकतो, ही युक्ती माझी स्वतःची. असा रेकॉर्डर जगात दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखव. पेटी फार तापायला लागली तेव्हा हिच्या केस वाळवायच्या यंत्रातला पंखा काढून तिच्यात बसवला. त्याचा आवाज एवढा की रेकॉर्डिंग चालू असताना घरात कुणी कुणाशी भांडू शकत नाही. ही काही बोलली असावी, मला ऐकू आलं नाही.

पहिल्या चाचणीला थोडी फजिती झाली. त्या कॉम्प्युटरची वीज गेली की तो वेळ विसरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळची गाणी धरायला लावला, तर पठ्ठ्याने सकाळचा गुडघ्यांचा व्यायाम धरला. सासऱ्यांनी तो कार्यक्रम मन लावून पाहिला, दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू केला आणि आता ते जिना चढताना माझ्यासाठी थांबतात. मग मी त्याला घड्याळाची बॅटरी लावून दिली आणि त्यानंतर एकही चाचणी चुकली नाही. सासऱ्यांनी पेटीवर थाप मारून चांगलं झालंय म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या कशालाही चांगलं म्हटलेलं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कार्यक्रम तर असा रंगला म्हणून सांगू. ही जराही बावरली नाही. सूत्रसंचालकाने विचारलं की आता पाण्याची भीती गेली का. ही म्हणाली, "कुठली जातेय? पण आता ती काठावर बसते आणि मी आत उतरते." सगळा स्टुडिओ टाळ्या वाजवत होता. दादा, माझी छाती फुगली, अगदी शर्टाची बटणं ताणली. लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. रेकॉर्डिंग कसं आलं, हे तू विचारशीलच. आलं नाही. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायची शिस्त बाबांनी आपल्याला लावलेली, ती माझ्या हाडामांसात आहे. यंत्र लावलं, काटा तपासला, चपला घातल्या आणि मेन बंद केला. फ्रिजला मी वेगळी लाइन ओढून ठेवली आहे, त्यामुळे दूध सुखरूप होतं. सर्वस्वी माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

ता. क. दुसरा. हिला अजून सांगितलेलं नाही. यंत्र आत आवराआवर करतंय, अशी थाप मारून दिवस काढतोय. रविवारी हिच्या पोहणाऱ्या मैत्रिणी कार्यक्रम बघायला येणार आहेत. टीव्हीवर ओळखीचं कुणी दिसलं की वहिनी मोबाइलवर शूटिंग घेतात, तसं याही वेळी घेतलं असेल तर देवासारखा धाव आणि मला गुपचूप पाठव. मध्ये त्यांचं बोलणं येत असलं तरी चालेल. फोन करू नकोस, आमच्या घरात फोनवरचं सगळ्यांना ऐकू जातं.

भाऊजी, नमस्कार. यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता नेहमी मीच घालते. हे आताही पेटीला वेगळी लाइन ओढण्यात इतके गुंग आहेत की पत्र उघडंच माझ्या हातात देऊन गेले. एक गोष्ट यांनी लिहिलेली नाही. त्या दिवशी आम्ही जिना उतरलो होतो. मेन बंद केलात का म्हणून मीच विचारलं आणि मीच यांना परत वर पाठवलं. जाऊबाईंनी शूटिंग घेतलं असेल तर जरूर पाठवा. मी काय बोलले ते मला माहीत आहे, पण मी बोलत असताना कॅमेरा यांच्यावर गेला होता आणि हे डोळे पुसत होते, असं आमचे वडील सांगतात. मला तेवढं बघायचंय. मात्र पाठवायचं ते यांनाच पाठवा, आणि मी पत्र वाचलंय हे कळू देऊ नका. रविवारी सगळ्यांसमोर बटण यांनाच दाबू दे.