हवेत शंभर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सामान घेऊन इथे राहायला आले. सामान म्हणजे एक ट्रंक, स्टोव्ह, भांड्यांचं बोचकं आणि रिद्धीच्या बाबांचा फोटो. शिरगावच्या पुढे, खाडीच्या काठाला हा कोळंबीचा प्रकल्प. चार तळी, पंपघर आणि पंपघराला लागून माझी खोली. भिंतींना नुकताच चुना दिलाय. खिडकी उघडली की पाणी दिसतं आणि बांधावर बगळे. सातपाटीला दिराच्या घरात मला एक कोपरा होता, इथे चार भिंती आहेत. फार दिवसांनी मोकळं वाटलं.

कोळंबीला खाणं घालायचं काम रंभाबाई करते. बांधापलीकडच्या पाड्यात राहते. आल्या आल्या म्हणाली, इथं कोलंबीला दिवसातून चार वेळा वाढतात बाय, माज्या सुनेला सांगू नको, नायतर ती पन तळ्यात उडी टाकल.

माझं काम पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं. पगार बरा आहे, पण मी आले ती खोलीसाठी. रिद्धीला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेर म्हणजे आता ही खोलीच. येत्या २२ तारखेला, शनिवारी, जावई दर्पण तिला सालवडहून आणून सोडणार आहे. खाट खिडकीशी लावली. तिला वारा लागेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

इथला सुपरवायझर धर्मेश मला मावशी म्हणतो आणि न चिडता शिकवतो. यंत्र तळहाताएवढं आहे. त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा प्रोब. प्रोबच्या तोंडाला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा आणि पडद्यामागे थेंबभर औषध. तिथे बुडबुडा राहिला की आकडा खोटा येतो. काम झालं की प्रोब टोपणात ठेवायचा. टोपणात स्पंजाचा तुकडा असतो. तो कायम ओला हवा, पण गोड्या, स्वच्छ पाण्याने. तळ्याचं पाणी लावलं तर त्यातले बारीक जीव टोपणातली हवा खातात आणि सगळं गणित चुकतं.

सकाळी आधी टोपणातल्या दमट हवेत यंत्र जुळवून घ्यायचं. हवेत शंभर दाखवायला हवं. धर्मेश म्हणाला, पालघरला जा नाहीतर दिल्लीला, हवा म्हणजे शंभर. मग प्रोब पाण्यात सोडायचा आणि कढी ढवळावी तसा हलवत राहायचा. कारण प्रोब स्वतःही ऑक्सिजन खातो. एका जागी धरला तर पुढ्यातलं पाणी खाऊन टाकतो आणि आकडा उतरतो. पाण्यात माप वेगळं, लिटरमागे मिलिग्रॅम; ते तीनच्या खाली गेलं की कोळंबी गुदमरून काठाला येते.

यंत्राबरोबरचं पुस्तक मी दोनदा वाचलं. शाळा चौथीत सुटली, पण सुकटीच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी शिकले. छापलेलं काही सोडवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

हात बसला. पहिल्या तिन्ही तळ्यांत सकाळी चार, साडेचार येतं. ऊन चढलं की शेवाळ जागं होतं आणि आकडा सात-आठवर जातो.

प्रोब हलवताना रिद्धीचे बाबा आठवतात. मासळी कमी झाली तशी त्यांनी होडी सोडली आणि बोईसरला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागले. टाकी साफ करायला उतरले. टाकीत हवाच नव्हती. वर उभ्या असलेल्यांनी मला सांगितलं, ओरडले नाहीत, शिडीच्या पायाशी बसले आणि डुलकी लागल्यासारखी मान खाली गेली. त्या दिवशी कुणी असं एखादं यंत्र दोरीला बांधून आत सोडलं असतं तर आकडा दिसला असता.

रडत नाही मी आता. काम करते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चौथं तळं नवं आहे. खाडीचं पाणी घेऊन भरलंय, पिल्लं अजून सोडलेली नाहीत. त्यात काही जगत नाही, तरी ऑक्सिजन उतरतो. परवा २.९, काल २.१, आज भर उन्हात १.६. पडद्यामागे बुडबुडा असेल म्हणून पडदा बदलला, नवं औषध भरलं, पुन्हा जुळवलं. हवेत शंभर. पहिल्या तळ्यात ७.४. चौथ्यात १.६.

धर्मेश म्हणाला तळाचा गाळ असेल. पण गाळ जागच्या जागी असतो. मी बांधावरून चालत गेले, जिथे थांबले तिथे आकडा चांगला निघाला आणि मी उभी राहिले तसा उतरत गेला. प्रोब सतत हलवत होते. पुन्हा चालले, पुन्हा तेच. माझ्यामागून पाण्यातून कुणी येतंय असं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे केलं ते लिहून ठेवते.

बोईसरची ती टाकी धुतली की पाणी नाल्याला, नाल्याचं खाडीला, खाडीचं या तळ्यात. कोळ्याच्या घरात वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. हवेसाठी इतकं तळमळणारं पाण्यात कोण असेल, हा विचार दोन दिवस डोक्यातून जाईना.

माझी सासू चंद्रकांता सांगायची, होडी परतायला उशीर झाला तर बंदरावर उभं राहून होडीच्या नावाने हाक मारावी, माणसाच्या नाही. पाण्याला माणसाचं नाव दिलं की पाणी ओ देतं, आणि ओ देणारा तोच असेल असं नाही. तसंही नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलं नाही. या वहीतही नाही.

आज दुपारी चौथ्या तळ्याशी बसून हाक मारली. महादू.

ओ आली. हळू, पाण्याच्या अगदी वरून. होडीवरून द्यायचे तशीच.

यंत्राकडे पाहिलं. १.४ वरून आकडा चढत चढत ६.२ वर गेला. त्यांना श्वास मिळाला असं वाटून मी पदर तोंडाला लावून बसले. मग टोपणातला स्पंज काढला, त्या पाण्यात भिजवला आणि परत बसवला. चूक आहे हे माहीत होतं. पण हाडं सातपाटीच्या समुद्रात सोडल्यापासून त्यांचं म्हणून काही माझ्याजवळ नव्हतं. टोपण उशाशी ठेवून निजते आता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चौथं तळं सुधारलं. धर्मेश खूश आहे, पिल्लं मागवतो म्हणाला. हा मावशीच्या हाताचा गुण, असंही म्हणाला.

यंत्र मात्र सकाळी हवेत ९६ दाखवतं. स्पंजामुळे असेल. स्पंज गोड्या पाण्याने तीनदा धुतला. ९३. नवा स्पंज घातला. ९१. बाहेर नेऊन धर्मेशच्या हातात दिलं तर शंभर. मी घेतलं, ८९. तो हसला, मावशी, तुमच्या अंगात इंजिन बसवलंय का, सगळी हवा ओढताय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धर्मेशने कपाटातलं दुसरं यंत्र दिलं. नवं कोरं, त्या तळ्यात कधी न बुडवलेलं. माझ्या खोलीत तेही ८३ दाखवतं.

फोटोसमोरचा दिवा लागत नाही. वारा नाही, तेल आहे, वात कोरडी आहे. काडी पेटते, वातीपर्यंत नेते तोवर ज्योत बारीक होते आणि जाते. स्टोव्हही धरत नाही. दारात आणला की धरतो, मी जवळ बसले की विझतो.

बांधावरून चालताना धाप लागते. रंभाबाई म्हणाली, बालंतपन तुजं हाय का पोरीचं?

१९ फेब्रुवारी, बुधवार

खोलीत राहायची भीती वाटली म्हणून रंभाबाईच्या घरी जाऊन बसले. तिच्या सुनेचं तान्हं पाळण्यात होतं. मी टेकले आणि थोड्या वेळाने चूल विझली. मग तान्ह्याचं रडणं थांबलं. सगळ्या म्हणाल्या झोपलं. मी ओठ पाहिले. जांभळे.

उठून पळत बाहेर आले. बांधावर पोचले तेव्हा मागून त्याचं रडणं ऐकू आलं. मोठ्याने, छान.

म्हणजे खोली नाही. माझ्याबरोबर फिरतंय.

रिद्धीच्या पोटात बाळ आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दर्पणला फोन केला, रिद्धीला आणू नका. कारण काय सांगणार. एका वाक्यात तीनदा श्वास घ्यावा लागला. फोन रिद्धीने ओढून घेतला. आई, तू आजारी आहेस, मी येतेच आता. नको म्हणत राहिले, प्रत्येक नकोला धाप.

माझ्याच धापेने तिला बोलावलं.

आज टक लावून आकडा पाहिला. ७८. ७७. ७७. ७६. हे रिद्धीच्या बाबांचेच श्वास असं मी समजत होते. पण रिद्धीचे बाबा श्वास घ्यायचे आणि सोडायचे. रात्री कानाशी ऐकलाय मी तो, वर्षानुवर्षं.

हे नुसतं घेतंय. सोडत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जुना स्पंज, टोपण, सगळं चौथ्या तळ्यात फेकलं. हात जोडून म्हटलं, चुकले, तू महादू नाहीस, जा.

ओ आली. पाण्यातून नाही. माझ्या पाठीमागून.

खोलीत आले. ७२. बोलून पाहिलं, आहेस का. आहे म्हणालं. आवाज त्यांचा होता, मग अर्ध्यातच बारीक झाला, बाईसारखा. कुणाचा ते ओळखू येईना—

रिद्धीला गाठायला एसटीने सालवडला जावं, तर हे तिच्या घरात जाईल. इथे राहावं, तर ती येते. आणखी कुठे जावं, तर तिथेही माणसं आहेत, पाळणे आहेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी. खिडकी लावून घेतली. दाराला आतून कडी. फटींत लुगड्याच्या चिंध्या कोंबल्यात. आतलं खाऊन संपलं तर कदाचित तेही—

आत मी एकटी आहे. तेवढं पुरे त्याला.

६६.

डोकं जड. अक्षर वेडंवाकडं होतंय. शिडीच्या पायाशी त्यांना असंच वाटलं असेल, नुसती झोप—

६१. नाही. झोपायचं नाही. ती येऊन जाईपर्यंत नाही. हाक मारेल, दार वाजवेल, आई घरात नाही समजून परत जाईल. मी ओ दिली नाही म्हणजे झालं. तेवढंच करायचंय मला.

रिक्षा थांबली.

दर्पणचा आवाज, पैसे देतोय. ती बांधावरून येते. पावलं जड, ओळखीची—

दार वाजतंय. आई, अगं आई, दार उघड.

तोंडात पदर कोंबलाय. ५४.

परत हाक. आई गं, ओ तरी दे—

ओ गेली.

मी नाही दिली. पदर तोंडातच आहे. माझाच आवाज, माझ्याच शेजारून, गोड, आले गं बाय, थांब, उघडते—

कडी मी लावली होती ती आता हळूहळू—