बर्फात ठेवलेला फझ

१४ जून २००९, पुकाल्पा

टेपला बुरशी लागली! पस्तीस वर्षं रेडिओ स्टेशनच्या कपाटात पडून होती. बाहेर काढली तर वाळलेल्या केळीच्या पानासारखी मोडली.

लिमाहून रेन्सोचा फोन होता. आमच्या जुन्या गाण्यांची रेकॉर्ड तो पुन्हा काढतोय. अकरा गाणी वाचली. एकच गेलं, आणि तेच – 'यारिनाचा बगळा'.

"मास्तर, लिमाला या. पुन्हा वाजवू. जुलैत तीन दिवस स्टुडिओ मिळतोय. पण आवाज तोच हवा. घासलेली जुनी रेकॉर्ड आहे माझ्याकडे, तिच्याशी ताडून बघणार. तोच आला नाही तर गाणं वगळावं लागेल."

हो म्हणालो. शाळेत एकतीस वर्षं साहित्य शिकवलं, म्हणजे दुसऱ्यांचं. माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच, तीन मिनिटांचं. त्यात शब्दही नाहीत.

१५ जून

गिटारीची फझची डबी शोधली. कपाटात, बायकोच्या, सोराइदाच्या, लग्नातल्या बुटांमागे होती. बॅटरी घातली, गिटार जोडली. बोलली! एकाहत्तर सालची डबी. मी तिला हात जोडले. खरंच जोडले.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तेओबाल्दोने ती बनवली. आतले भाग बोटीवरच्या मोडक्या वायरलेसचे, कवच दूध पावडरीच्या डब्याच्या पत्र्याचं. पायाने बटण दाबलं की गिटारीचा सूर फाटतो. त्या काळी परदेशी फझ फक्त मासिकात बघायला मिळायचा. तेओबाल्दोने मासिक बघितलं नव्हतं, फक्त रेडिओवर तो आवाज ऐकला होता. ऐकून डबी केली.

देताना म्हणाला, "आत जर्मेनियम आहे, मास्तर. त्याला आपली हवा सोसत नाही. तापलं की आधी बरळतं, मग मुकं होतं. आईस्क्रीमसारखं जपा."

म्हणून ती सोराइदाच्या पेटीत राहायची. नाचाच्या जागी सोराइदा गोठवलेल्या सरबताच्या पिशव्या विकायची. स्टेजला लागून तिची बर्फाची पेटी. पेटीत कोकोना, अग्वाहे या आमच्याकडच्या फळांच्या पिशव्या, आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकात बांधलेला माझा फझ. गाणं आलं की अबनेर ढोलामागून ओरडायचा, "वहिनी, डबी!"

एकदा एका बाईने तीच मागितली. "ही कुठल्या चवीची?"

१६ जून

अबनेर येतो म्हणाला. आमच्या जुन्या वाजवणाऱ्यांतला आता तो ढोलवालाच उरला. बाकीचे वाजवणारे रेन्सो देणार.

२४ जून

सान हुआनचा सण. नदीकाठी जेवलो. पानात बांधलेला भात, त्यात अंडं, कोंबडी. सोराइदाने सहा बांधले होते, मी तीन खाल्ले. बोटं अजून चालतात. देवाची कृपा.

२ जुलै

उद्याची बस. सोराइदा येत नाही. डोंगरातल्या वळणांवर तिला उलट्या होतात.

"बर्फ नेऊ का?"

"लिमात? जुलैत? अरे म्हाताऱ्या, आता तिथे हिवाळा, माणसंच बर्फात ठेवल्यासारखी असतात. स्वेटर ने."

खरंच की! पहिल्यांदाच डबीला बर्फ लागणार नाही. चिंता मिटली.

४ जुलै, लिमा

आकाश राखेच्या रंगाचं. पाऊस नाही, पण सगळं ओलं. स्टुडिओत स्वेटर घालून वाजवलं.

डबी इतकी चांगली कधीच वाजली नव्हती. गोल, स्वच्छ, एकसारखा सूर. खरखर नाही, अडखळणं नाही. तेओबाल्दो असता तर रडला असता. मी डोळे मिटून वाजवलं.

डोळे उघडले. काचेपलीकडे रेन्सो डोकं खाजवत होता.

"छान आहे, मास्तर. पण हा तो नाही."

अबनेर ढोलामागून म्हणाला, "गड्या, बगळा नाही हा. बिशप गातोय!"

मग रेन्सोने जुनी रेकॉर्ड लावली. किती वर्षांनी ऐकली! सूर नीट सुरू होतो, मध्येच आतून चिरतो, आणि शेवटी तुटक तुटक होत विझतो. यारिनाच्या तळ्यात बगळा पाण्यावरून उठतो पण त्याचे पाय निघत नाहीत, तसा. मी नेहमी म्हणायचो, तो रेडिओ स्टेशनच्या भिकार माइकचा दोष. रेन्सोलाही तेच वाटत होतं. त्याने जुन्या बाजारातून तसाच माइक आणून ठेवलाय.

त्या माइकवर वाजवलं. बिशप. फक्त लांब उभा असलेला.

५ जुलै

रेन्सोकडे भिंतभर फळी आहे, तिच्यावर तीसेक डब्या. आज एकेक जोडली. माझ्या वयाच्या माणसाला मिठाईच्या दुकानात सोडल्यासारखं झालं.

हिरवी ओव्हरड्राइव्हची. रेन्सोची सर्वांत लाडकी. म्हणतो, ज्याच्याकडे ही नाही असा गिटारवाला त्याने पाहिला नाही. तिच्यात सूर फक्त आवाज चढवतो, घरातला माणूस दुसऱ्या खोलीतल्याला हाक मारतो तसा. नारिंगी डिस्टॉर्शनची. ती भांडायलाच आलेली. अबनेरला तीच आवडली! मग फझ. एक चंदेरी, थोराड. तिचा आवाज भिंतीसारखा उभा राहतो, कुठूनही आत शिरता येत नाही. एक गोल, बशीएवढी. ती जवळ आली होती. फार जवळ. सूर चिरला, पण विझला नाही.

एकाही डबीला वाईट म्हणवत नाही. कुणीतरी कुठेतरी टेबलाशी बसून, कानात काहीतरी ऐकत, प्रत्येक डबी केलेली. ते सगळे तेओबाल्दोच्याच जातीतले. पण बगळा एकीतही नव्हता.

संध्याकाळी रेन्सो म्हणाला, "मास्तर, उद्याचा शेवटचा दिवस. नाही जमलं तर अकरा गाण्यांची रेकॉर्ड काढतो. माफ करा." चांगला माणूस आहे. मान खाली घालून म्हणाला.

जेवणाआधी घरी फोन केला. सोराइदाला सगळं सांगितलं. तिने मध्येच विचारलं –

"थंडी आहे तिथे?"

"खूप."

"मग डबी तापव की."

"तापव?"

"हो. तापव."

"सोराइदा, तिला थंड ठेवायचं असतं. अडतीस वर्षं –"

"अडतीस वर्षं माहीत आहेत मला. तू तापव. किती ते विचारशील तर मला ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. फोन तिथे ठेव आणि वाजव."

गाण्यातलं मला काय कळतं, असं जन्मभर म्हणणारी बाई!

६ जुलै

झालं! झालं!! सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी डबी दोन्ही तळव्यांत धरली. काही नाही. काखेत धरली. अबनेर म्हणाला, "अंडी उबवतोस का?" तरी बिशपच. मग तो स्वतः खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून जव-पाल्याच्या उकळत्या काढ्याचे दोन ग्लास घेऊन आला. एक प्यायला. दुसऱ्यावर डबी ठेवली.

रेन्सोने फोन स्पीकरवर लावून अॅम्पजवळ ठेवला. पलीकडे तेलाचा चर्र आवाज येत होता. सोराइदा केळी तळत होती.

"वाजव."

वाजवलं.

"अजून शहाणा आहे तो. तापव."

पुन्हा ग्लासावर. पुन्हा वाजवलं.

"अजून."

तिसऱ्यांदा डबी मुकीच झाली. गोणीत घातलेल्या बेडकासारखा एक आवाज, मग तोही नाही. गेली! माझ्याच हाताने गेली!

"घाबरू नकोस," फोन म्हणाला. "जरा वाऱ्याला धर. थांबा हं, माझी केळी करपताहेत."

रेन्सोने खिडकी उघडली. आम्ही तिघं बाप्ये खिडकीशी, हातावर पत्र्याची डबी, आणि सातशे किलोमीटरवरच्या बाईची केळी व्हायची वाट बघतोय!

ती परत आली. "जोडा. एक सूर लांब ओढ. ... नाही. आणखी एक. ... अं. ... आत्ता! आत्ता वाजव, थांबू नकोस!"

अबनेरने ताल दिला. वाजवलं.

सूर उठला, चिरला, आणि शेवटच्या ओढीला पाण्यात पाय अडकल्यासारखा तुटत तुटत विझला. मी तार सोडली. रेन्सो काचेपलीकडे दोन्ही हात डोक्यावर धरून उभा. अबनेरने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि नाक पुसलं. थंडीने, म्हणाला.

फोनमधून: "हा तो."

मग: "ठेवू का? केळी गार होताहेत."

दुसऱ्यांदा वाजवायची गरज पडली नाही. एवढ्या वेळात डबी निवलीही होती.

८ जुलै, बसमध्ये

टिक्लिओच्या घाटात बर्फ. खिडकीबाहेर पांढरं, आणि मांडीवर डबी. तिला आता काय हवंय ते मला कळत नाही. स्वेटरात गुंडाळली.

माझ्याकडे किती माणसांचं न मागितलेलं देणं आहे. तेओबाल्दो. ज्याचा वायरलेस मोडला तो नावाडी. कोपऱ्यावरची काढेवाली – तिने ग्लास परत मागितलाच नाही. आणि सोराइदाचे कान. इतकी वर्षं पेटीशेजारी बसून बसून तिच्या कानात तो आवाज मुरला असणार.

९ जुलै, पुकाल्पा

पोचलो. ऊन! झोपलो.

१२ जुलै

आज विचारलं. अंगणात ती मासे साफ करत होती.

"तुला कसं कळलं, तापवायची म्हणून?"

"मीच तापवायचे ना."

ती खवले काढत राहिली.

"बगळ्याच्या आधी एक लांब गाणं असायचं," ती म्हणाली. "ते सुरू झालं की मी डबी पेटीतून काढायचे. मांडीवर घ्यायचे, झग्याखाली. गाणं संपेपर्यंत बरोब्बर व्हायची. मग तुला द्यायचे."

"आणि मी तुझ्यावर ओरडायचो! बर्फ वितळलेला आणतेस म्हणून!"

"तू बर्फवाल्यावर पण ओरडायचास. बिचारा! त्याला मी दोन सरबतं फुकट द्यायचे."

"पण का?"

"पहिल्यांदा चुकून झालं. गिऱ्हाईक होतं, पेटीचं झाकण उघडंच राहिलं. डबी तापली आणि असा आवाज आला की माझे हात थांबले. वाटलं, बर्फातून आल्यावर ती नुसती बोलते. आत्ता तिला काहीतरी सांगायचंय. पुढच्या नाचाला मी मुद्दाम काढली."

"सांगितलं का नाहीस?"

"तू तेओबाल्दोचं ऐकणारा. मी सांगितलं असतं तर पेटीला कुलूप लावलं असतंस." सुरी धुतली. "आणि तुला ते कळत नव्हतं असं कुठे होतं? तोंडाने ओरडायचास, पण बोटांनी ऐकलंस. आधी ते गाणं असं नव्हतं. किती घाईचं होतं! सूर तुटायला लागला तसा तू थांबायला लागलास. शेवटची ओढ लांबवलीस. मग मी डबी आणखी थोडी धरून बघितली. तू मधला अख्खा तुकडा बदललास. असं आपलं तीन-चार महिने चाललं होतं. मला वाटायचं, तुला माहीत आहे. सांगत नाहीस, एवढंच."

मला माहीत नव्हतं.

रेडिओ स्टेशनवर रेकॉर्ड केलं त्या सकाळीही ती पेटी घेऊन दारापाशी बसली होती. मी म्हणालो होतो, आज नाच नाही, कशाला आलीस? ती म्हणाली होती, अशीच.

१३ जुलै

गिटार घेऊन बसलो. डबी न जोडता बगळा वाजवला. कुठे कुठे थांबतो ते मोजलं. नऊ जागा. नऊही जागी मी कुणाची तरी वाट बघतोय.

१४ जुलै

सोराइदा म्हणते, तोंड का असं केलंयस? रागावलास का?

रागावलो नाही. कसं सांगू? जन्मभर एका खोलीत एकटाच राहतो असं समजणाऱ्या माणसाला शेजारी कुणी श्वास घेताना ऐकू यावं, तसं झालंय. आधी दचकलो. आता बरं वाटतंय. फार बरं.

२० जुलै

रेन्सोने संगीतकारांच्या संघाचा फॉर्म पाठवलाय. गाण्याचं नाव: यारिनाचा बगळा. रचनाकाराचं नाव लिहायला एकच ओळ. लिहिलं – सोराइदा शापियामा तापुयिमा. खाली, वादकांच्या रकान्यात, अबनेरनंतर माझं.