रोस्लीचा वळू

शनिवार, १ नोव्हेंबर २०१४

नापास! रोस्लीचा वळू दुसऱ्यांदा नापास. सप्टेंबरात तपासला तेव्हा लिम म्हणाली होती, दोन महिने थांबू, पुन्हा बघू. लिम मलेशियातल्या जोहोरची व्हेट. शनिवारी मी पूल ओलांडून तिच्या मदतीला जाते. इथे सिंगापुरात माझ्या व्हेटच्या पदवीला कोण विचारतंय!

दिसायला मात्र राजबिंडा. भरदार वशिंड, तुकतुकीत कातडी. चालवून बघितला — पाय ठणठणीत. डोळे, दात उत्तम. अंडकोशाला टेप लावली तर माप कमी. आणि मायक्रोस्कोपखाली सगळा शुकशुकाट.

सप्टेंबरच्या आधी ह्या रोस्लीने काय केलं? गाई गाभण राहत नाहीत म्हणून एकेक करून खाटकाकडे धाडल्या! आणखी चार बाजूला बांधून ठेवल्यात. लिमने सांगेपर्यंत वळूकडे बघावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. "बुल व्हेरी स्ट्राँग, लाह! लुक!" बघितला ना बाबा, नीट बघितला. गेलेल्या गाईंचं काय ते सांग. येताना पुलावर तासभर अडकले, डोकं तापलेलंच होतं.

रविवार, २ नोव्हेंबर

"कापायच्या गुरांत हात घालून येतेस, मग कूस कशी उजवेल?" — सासूबाई. पुण्याहून आल्यापासून हेच. लिटिल इंडियातून नारळ आणलाय, माझ्या नावाने नवस बोलणार आहेत. प्रबोध समोर बसून फोन बघत होता. नवरा म्हणून एक शब्द काढेल? छे!

पोटावर इंजेक्शनांचे निळे डाग आहेत. जुने जायच्या आत नवे येतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

क्लिनिकमध्ये नवीन डॉक्टर होती. फाइल चाळत म्हणाली, "हजबंडचा रिपोर्ट?"

"नॉर्मल," मी म्हणाले. नेहमीसारखंच.

"हो, पण कुठे आहे?"

नाही. मी तो कधी पाहिलेलाच नाही! लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रबोध म्हणाला होता, पुण्यात तपासणी करून घेतली, सगळं नॉर्मल. तेच मी प्रत्येक डॉक्टरला सांगत आले आणि तेच लिहिलं गेलं. मालकाच्या तोंडच्या शब्दावर मी आजवर एकही वळू पास केलेला नाही. घरात मात्र केला! मूर्ख बाई.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रबोधला म्हटलं, तपासणी एकदा पुन्हा कर. माझ्या लॅपरोस्कोपीसारखं काही नाही, अर्ध्या तासाचं काम.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

मग म्हणाला, "मी काय तुझा बैल आहे?" — आणि सायकल घेऊन ईस्ट कोस्टला निघून गेला. चकचकीत हेल्मेट, रुंद खांदे. लिफ्टमध्ये शेजारीण कौतुकाने बघत होती. मला आज तो अजिबात आवडला नाही. हे लिहिताना लाजही वाटत नाहीये.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जोहोरला गेले नाही. लिमचा फोन — रोस्लीने वळू विकून टाकला, बांधलेल्या चारही गाई सोडल्या. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. गाईंसाठी नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

प्रबोध ऑफिसला गेल्यावर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला छळू नकोस गं. दहावीत गालगुंड झालं होतं त्याला, ते खाली उतरलं. मूल होणं कठीण आहे, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते."

दहावीत! म्हणजे मला बघायला आले तेव्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी ह्याच बाईंनी मला सगळ्यांदेखत उठवून दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं.