आईचे धवले आणि 'आउटलाइन'

ठाकुर्ली, रविवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे

तीर्थरूप गोमाजीमामांस,

शिवरामचा वाकून नमस्कार (कमरेला पट्टा असल्यामुळे पंचेचाळीस अंशांपर्यंतच). तुमचा उजवा गुडघा कसा आहे? तेल दिवसातून दोनदा लावता, की कोणी विचारले तरच? आई बरी आहे. धाकटा भाऊ असून तुम्ही तिच्याआधी काठी धरलीत, म्हणून अधूनमधून हसते.

हे पत्र मी 'प्रिंट लेआउट'मध्ये लिहिले आहे, म्हणजे कागदावर जसे उमटणार तसेच समासासकट पडद्यावर दिसते. कारखान्यात एकतीस वर्षे फिटर होतो, कॉम्प्युटर शिकायला कुठल्या क्लासची पायरी चढलो नाही. पण जे स्वतः उघडून पाहिले ते पक्के असते. (समास सव्वा इंच. पट्टी लावून बघा.)

आता मुख्य गोष्ट. हळदीपासून मांडवापर्यंत आई धवलारीण म्हणून लग्नाची जी गाणी, म्हणजे धवले, गायची, ते कुठेच लिहिलेले नाहीत. ती अठ्ठ्याहत्तरची झाली. सहा वर्षांत तिला एका लग्नाचे बोलावणे नाही (सगळीकडे डीजे), आणि गायला मिळत नाही म्हणून एकेक ओळ तिच्या तोंडून गळायला लागली होती. तेव्हा दिवाळीनंतर मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून त्रेचाळीस धवले टाइप केले. पुस्तक काढायचेच, असा निश्चय केला.

ही सगळी मजल मी 'वेब लेआउट'मध्ये मारली, कारण त्यात अक्षरे पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐसपैस बसतात. त्यात पाने नसतात, हे मात्र कोणी बोलले नव्हते. त्यामुळे डोंबिवलीच्या छापखान्यात मी ठासून सांगून आलो की पुस्तक एका पानात बसते. तिथल्या माणसाने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि घरी कोण कोण असते ते विचारले. मग 'ड्राफ्ट'मध्ये गेलो, तर आईचा नऊवारीतला फोटो गायब. (त्या दृश्यात चित्रे झाकलेली असतात. हे ज्ञान मला फोटो चार वेळा पुन्हा घातल्यावर झाले. 'प्रिंट लेआउट'मध्ये आई पाच ठिकाणी बसलेली निघाली.)

खरा घात 'आउटलाइन'ने केला. मी प्रत्येक धवल्याच्या नावाला नियमाप्रमाणे शीर्षक केले होते. तिथे कुठलेसे बटण दाबले, आणि पडद्यावर त्रेचाळीस नावे उरली. खाली गाण्याची एक ओळ नाही. प्रत्येक नावाशेजारी बारीकसे अधिकचे चिन्ह होते, ते मी नक्षी समजलो. मामा, मला वाटले सगळी गाणी पुसली गेली. दोन दिवस आईला तोंड दाखवले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले, तर म्हणते, "कनाला घाबरतंस? गानी काय तुज्या डब्यान व्हती? माजे पोटान हान. बस, लिव."

नवी फाईल उघडून पुन्हा पहिल्यापासून बसलो. आणि काय सांगू, हळद दळायच्या धवल्याला आधी अकरा कडवी होती, आता एकोणीस आली! मागच्या वेळी का नाही सांगितलीस, म्हणून विचारले, तर "तवा तुना घाई व्हती."

महिन्यापूर्वी तुमची नात अंतरा जेवायला आली. तिने जुनी फाईल उघडून ते अधिकचे चिन्ह दोनदा टिचकले आणि ओरडली, "अहो काका, सगळं इथेच आहे की!" मी आधी दार लोटले, मग बघितले. एकही वेलांटी इकडची तिकडे झालेली नव्हती.

एकंदरीत प्रगती उत्तम. गुडघ्याला जपा. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
शिवराम

ता.क. खरे काम आता लिहितो. पहिली गाणी सापडल्याचे आईला सांगितलेले नाही. गेली असे वाटते म्हणूनच ती रोज पाच वाजता वेणी घालून माझ्या आधी येऊन बसते, आणि नव्याने आठवते. आत्ता एक्कावन्न धवले झालेत. तेव्हा भेटायला याल तेव्हा कृपया तोंड मिटून ठेवावे. अंतराने शपथ घेतली आहे.

ता.क. २. आबा, मी अंतरा. पत्र पोचवायला काकांनी माझ्याकडे दिलंय, ते अंघोळीला गेलेत. आत्याआजीला मी त्याच दिवशी वाटाणे सोलताना सांगून टाकलेलं. ती म्हणाली, "शिवाला कलू देव नको. तो लिवाचा थांबंल, मंग माना गानी गावाला कोन बसवंल?" आता दुपारी ती मला शिकवते, माझे सात धवले पाठ झालेत. आणि खालच्या मजल्यावरच्या मैथिलीच्या हळदीला आम्हा दोघींना गायला बोलावलंय! काकांना सांगू नका हां. ते छापील कागद घेऊन शेजारी उभे राहतील आणि कडवं चुकलं की हळद थांबवतील.