एकवीस पराभवांनंतर बदललेला वारस

मी, पंडित लहानू रामटेके, वय ५७, मूळ राहणार इंदोरा, नागपूर, सध्या राहणार बॉल्टिमोर, मेरीलँड, रुग्णालयातील एक्स-रे यंत्रे दुरुस्त करण्याचा धंदा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. हृदय बिघडले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, कोणती नशा नाही.

१. जून १९८६ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी राहते घर माझा पुतण्या विक्रम याला दिले होते. ते रागाच्या भरात केले होते. विक्रमने घर कधी मागितले नव्हते, त्याला बॉल्टिमोर नकाशावरही सापडत नसावे. नागपुरात त्याचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून त्याला माझी सर्व हत्यारे द्यावीत. मल्टीमीटर जपून वापर म्हणावे.

२. राहते घर माझी एकुलती एक मुलगी संघमित्रा हिला द्यावे. विटांचे जोडघर आहे, बेसबॉलच्या स्टेडियमपासून चालत बारा मिनिटांवर. मी आणि माझी पत्नी शीला १९६२ साली या देशात आलो आणि याच घरात भाड्याने राहिलो. पुढे ते विकत घेतले. ऑक्टोबर १९६६ मध्ये आमचा ओरिओल्स संघ पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकला, तेव्हा आमच्याकडे तिकीट नव्हते. मी ओट्यावर रेडिओ लावून बसलो होतो. शेवटचा गडी बाद झाला आणि रेडिओतली आरोळी आणि मैदानावरची आरोळी एकाच वेळी कानावर आली. शीलाला खेळातले काही कळत नव्हते. ती हातात झारा घेऊन बाहेर आली आणि शेजारणीच्या गळ्यात पडली. तीन वर्षांची संघमित्रा माझ्या खांद्यावर होती. त्या दिवसापासून आम्ही या गावचे झालो.

३. शीलाच्या स्कोअरवह्या, एकूण चौदा, त्याही संघमित्राला. शीला पुढे खेळ माझ्यापेक्षा चांगला शिकली. आकडे मराठीत लिहायची आणि स्टेडियमवरच्या शेंगदाण्यांवर घरून आणलेले तिखट-मीठ टाकायची. शेवटची वही १९८३ ची आहे. त्या वर्षी संघ पुन्हा जिंकला आणि पुढच्या हिवाळ्यात शीला गेली.

४. स्टेडियमवर न्यायची माझी उशी आणि दुर्बीण शैलेंद्र जोगळेकर यांना द्यावी. १९७२ साली मराठी मंडळींच्या सहलीत त्यांनी मला सर्वांसमोर विचारले होते, "रामटेके म्हणजे नेमके कोण?" मी म्हणालो, "ओरिओल्सवाले." सगळे हसले, ते हसले नाहीत. तो प्रश्न मी विसरलेलो नाही. शीलाच्या आजारपणात त्यांनी तीन महिने रोज संध्याकाळी डबा पोचवला, हेही विसरलेलो नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या नावावर राहू द्याव्यात.

५. वारस का बदलला, हे लिहून ठेवणे गरजेचे आहे, म्हणजे कोणी वाद काढणार नाही.

मे १९८६ मध्ये संघमित्रा मेडिकलच्या पहिल्या वर्षात नापास झाली आणि दोन बॅगा घेऊन घरी आली. शीला असती तर तिने आधी जेवायला वाढले असते. मी दारातच म्हणालो, "हरून आलेल्यांना या घरात जागा नाही." ती "ओके, बाबा" एवढेच म्हणाली आणि बॅगा उचलून गेली. अ‍ॅनापोलिसला शाळेत विज्ञान शिकवू लागली. जवळजवळ दोन वर्षे आम्ही बोललो नाही.

या वर्षी चार एप्रिलला हंगाम सुरू झाला. पहिलाच सामना बारा-शून्यने हरलो. सहा हरल्यावर मॅनेजरला काढले, पण हरणे थांबले नाही. दहा झाले, पंधरा झाले. कामावरचे लोक माझी टोपी बघून हसायचे. मी रेडिओवरचा एकही सामना चुकवला नाही. चोवीस एप्रिलच्या रविवारी अठरावा हरला आणि फोन वाजला.

"बाबा, ऐकला का गेम?"

"ऐकला."

"अठरा झाले."

"हो. कोणाला धड पिचिंग करता येत नाही."

"मग रेडिओ बंद का नाही करत?"

"आपली टीम आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मीपण तुमचीच होते, बाबा. आणि मी एकदाच हरले होते."

हे ती इंग्रजीत बोलली. मनातले ती इंग्रजीतच बोलते. मी मराठीत लिहितो आहे, कारण मला ते मराठीतच ऐकू आले.

मी विचारले, "दोन मेला टीम आपल्या मैदानावर परत येतेय. येशील?"

"शाळा सुटली की निघते," ती म्हणाली.

संघ एकवीस सामने सलग हरला, मग शिकागोत एक जिंकला, पुन्हा दोन हरला. एक विजय, तेवीस पराभव घेऊन तो दोन मेला मैदानात आला आणि पन्नास हजारांवर माणसे टाळ्या वाजवत उभी राहिली. त्या गजरात मी तिला म्हणालो, "मित्रा, त्या दिवशी मी चुकलो."

"काय?"

मी ओरडून पुन्हा म्हणालो. पुढच्या रांगेतले दोघे वळून बघू लागले.

ती म्हणाली, "पहिल्याच वेळी ऐकलं होतं, बाबा."

त्या सामन्यात आम्ही जिंकलो. आजही संघ तळालाच आहे.

६. माझ्या अंत्यविधीत त्रिशरण-पंचशील म्हणावे. संघमित्राला ते पाठ आहे. उच्चार अमेरिकन आहेत, चालतील.

७. संघमित्रा रजा काढून आली आहे. तिला मराठी सावकाश वाचता येते, म्हणून वरील मजकूर मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "सगळं ठीक लिहिलंय. पण बुधवारी सकाळी मला घर नकोय, तुम्ही हवे आहात." हे कलम कायद्यात कुठे बसते ते मला ठाऊक नाही. तिचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवून खाली सही करतो.

सही: पंडित लहानू रामटेके

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून साक्षीदार:
१. विनय बर्वे, शेजारी
२. सरला वासनिक, परिचारिका, कालकथित शीलाची मैत्रीण

बॉल्टिमोर, शनिवार, १४ मे १९८८