आहेराचा पॅन्टपीस

प्रिय आक्का,

फोनवर दाजींचं नाव निघालं की तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं राहून जातं. पत्र तरी पुरतं वाचशील, म्हणून लिहितोय.

मोनाच्या लग्नासाठी दाजींनी घातलेली अट पोचली. ‘सोयऱ्यांनी इचारलं तर एक्सपोर्टमधी हाय म्हणायचं, टेलर म्हणायचं न्हाय. जमत नसंल तर पोरीच्या मागं मामा म्हणून दुसरा कुणीबी हुबा ऱ्हाईल.’ वा रे दाजी! शाहूपुरीत दुकानाच्या पाटीवर माझं नाव हातभर अक्षरांत आहे, ते काय गोणपाटानं झाकू?

तुझ्या लग्नात दाजींच्या घरून आण्णांना आलेला तो राखाडी पॅन्टपीस आठवतो? आपल्या राधानगरीकडे आहेराचं कापड कुणी शिवतं का? या लग्नातून त्या लग्नात नुसतं फिरतं, घडीसुद्धा मोडत नाही. मी नववीतला शहाणा, मी तो कापला. आण्णांची जुनी विजार वर ठेवून खडूनं आखला आणि तू सासरी जाताना माझ्यासाठी मागं ठेवलेल्या मशीनवर शिवला. पुढच्या लग्नाला आहेर काढायला ट्रंक उघडली, तर आत पीस नाही, पॅन्ट! आण्णांनी मला गोठ्यापर्यंत बडवत नेलं. दाजी म्हणाले, ‘मानाचं कापड कापलं, उद्या घराण्याचं नाक बी कापणार ह्यो.’ पण आक्का, ती पॅन्ट आण्णांना अशी बसली की मरेपर्यंत दर बाजाराला तीच घातली त्यांनी. मला तेवढं पुरलं. तो पीस आज समोर आला तर पुन्हा कापीन.

त्या मशीनच्या जोरावरच इचलकरंजीत शर्टांच्या कारखान्यात लागलो. कॉलरी शिवून पैसे साठवले, पुण्यात डिझाइन शिकलो, मग मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावानं कोट काढले. तिथले साहेब म्हणायचे, गाव विसर. मी उलटं केलं, परत येऊन शाहूपुरीत दुकान टाकलं. आपल्याकडच्या गड्यांचे खांदे रुंद, मान आखूड, रेडिमेड कोट त्यांना कधी धड बसत नाही. त्यांच्या मापाचे कोट मी इचलकरंजीच्या जाड सुती कापडात केले आणि तेच मिलानच्या रॅम्पवर चालले. पेपरात फोटो आला, तो दाजींनी भाकरीखाली घातला. मोनानंच सांगितलं मला.

आता ऐक. सोमवारी दुकानात एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, लग्नाचा कोट शिवायला. तारीख दाखवायला पत्रिका टेबलावर ठेवली, तर नवरीच्या जागी आपली मोना! आणि मामाच्या जागी कुणाचंच नाव नाही. लागलं गं फार. एक्सपोर्टवाला व्हायचं तर तीच वेळ होती. मी टेप गळ्यातून काढलासुद्धा नाही. म्हटलं, नवरीचा मामा मीच, टेलर. तुझे व्याही सयाजीराव केवढ्यानं ओरडले, ‘मग शिलाई कमी करा की, पावणं!’ आणि मला मिठीच मारली. तेव्हा दाजींना सांग, झाकायला आता काही उरलं नाही. मोनाच्या मागं मीच उभा राहणार. आणि मला आहेरात टॉवेल-टोपी नको, पॅन्टपीसच दे. मांडवातच कापतो.

तुझाच भाऊ,
सम्राट टेलर